तिसरी पिन

त्या काळात अर्धांगवायूने वाचा गेलेली माणसं लॅपटॉपमधून बोलत. कानामागे मेंदूला जोडलेलं एक पोर्ट, त्यात यूएसबीची वायर आणि लॅपटॉपमध्ये ‘दुभाष्या’. दुभाष्या हा ड्रायव्हरच. पण प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनी लिहिते, हा ज्याचा त्यानेच घडवायचा. कुठला शब्द म्हणताना मेंदूत काय हलतं, हे त्याला वाचा असेपर्यंत तासन्‌तास बोलून शिकवायचं. दुसऱ्या कुणी आपल्या तोंडून बोलू नये म्हणून त्याची प्रत ठेवायला बंदी होती. मिरजेच्या शालिनीताई सोमणांनी पहिल्या झटक्यानंतर आपला दुभाष्या शिकवून ठेवला. दुसऱ्या झटक्यात वाचा गेली, टोमणे मात्र शाबूत राहिले.

आणि आता बोलता बोलता लॅपटॉप बंद पडू लागला.

“दुखतं रे, नंदू. तू जेव्हा ते—” एवढ्यावर पडदा निळा.

“हिचं दुखणं रोजचंच,” मुलगा नंदकिशोर म्हणाला. “वायर बदलून झाली. आता ड्रायव्हर काढून नवा टाका.”

हे यंत्र बनवणाऱ्या प्रयोगशाळेतून वृंदा केळुसकर आली होती. “घाई नको. त्यांना काहीतरी सांगायचंय. गाडीतून मीटर आणते, मग बघू.”

ती परतली तेव्हा शहाण्या नंदकिशोरने ड्रायव्हर काढून टाकला होता. पडद्यावर नवा दुभाष्या नम्रपणे म्हणत होता, ‘कृपया मोठ्याने ‘अ’ म्हणा.’

“अहो, काय केलंत हे! त्या कशा म्हणणार?”

बॅटरी उतरली होती, म्हणून नंदकिशोरने सवयीने चार्जर लावला. वृंदाने वायरचं टोक शालिनीताईंच्या कानामागून काढून हातात धरलं होतं. तिला झटका बसला आणि पडदा निळा झाला.

तिने प्लग उपसून पाहिला. “तिसरी पिन कुठाय?”

“पलंगामागच्या बोर्डाला दोनच भोकं आहेत. तोडली पकडीने. चालतं की!”

“ती अर्थिंगची पिन. चार्जरमधून गळणारी वीज ती जमिनीत नेते. ती नसली की वीज दुसरी वाट शोधते. तुम्ही चार्जर लावलात की ती वायरमधून आईंच्या डोक्यात जायची, आणि त्याच धक्क्याने लॅपटॉप बंद पडायचा.”

“मग आई बोलली का नाही तसं?”

“बोलत होत्या.”

नंदकिशोर घाईने म्हणाला, “आई, ऐक, मी आत्ता नवा चार्जर आणतो,” आणि हातातला तो जुना चार्जर तिला दाखवायला पुढे केला.

शालिनीताईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.