न खरवडलेली गिफ्ट कार्डं

उपनिरीक्षक आसावरी निजामपुऱ्यातल्या त्या साडीच्या दुकानात पोचली, तेव्हा काउंटरवर एका मुलीची पर्स उलटी केलेली होती. जेवणाचा डबा, कंगवा, औषधाची पट्टी, सगळं चारचौघांत मांडलेलं. आसावरीचं डोकं तिथेच फिरलं. झडती घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं तिने विचारलं.

मुलगी म्हणजे दुकानात कामाला असलेली रुचिका, दापोड्याची. पर्स उलटी करणारा लडकूशेठ, वडप्याच्या गोदामांना माणसं पुरवणारा ठेकेदार. बाजूला मान खाली घालून उभी होती ती मालकीण सुचेता. आपल्या दुकानात आपल्याकडेच कामाला असलेल्या मुलीची अब्रू निघत होती आणि बाई साडीच्या घड्या सारख्या करत होती.

लडकूशेठने नवरात्र बसतानाच या दुकानाची गिफ्ट कार्डं घेऊन ठेवली होती. काल त्याने ती दिवाळीची भेट म्हणून आपल्या कामगार बायकांना वाटली. आज त्या साड्या घ्यायला आल्या. कार्डावरची चंदेरी पट्टी खरवडायची, खालचा नंबर मशीनमध्ये घालायचा, की साडी मिळणार. पण प्रत्येक कार्डाला मशीन एकच सांगत होतं, की हे वापरून झालं आहे. पट्टी तर आजवर कुणी खरवडलीच नव्हती.

"वरीसभर पेट्या उचलल्या आमी," दारातली गुणाबाई म्हणाली. "ही भेट न्हाय, थट्टा हाय."

पट्टीखालचे नंबर दोनच ठिकाणी होते. एक दुकानाच्या कॉम्प्युटरवर, जो रुचिका सांभाळायची. दुसरं ठिकाण म्हणजे कार्डं छापून देणारी पेमेंट कंपनी. लडकूशेठचे पैसेही त्या कंपनीकडेच जमा होते. कार्ड वापरलं गेलं, की तेवढी रक्कम दुकानाच्या खात्यात उतरायची.

कंपनीचा एजंट भूपेश बोलावण्याआधीच हजर झाला होता. त्याने मोबाइलवर नोंद दाखवली. सगळी कार्डं याच दुकानाच्या नावावर, खंडेनवमीच्या दुपारी वापरली गेली होती. त्या दुपारी सुचेता घरी होमाला बसली होती आणि दुकानात रुचिका एकटी होती. आता आणखी काय पुरावा हवा, असं लडकूशेठने दरडावून विचारलं. संध्याकाळपर्यंत पोरगी कोठडीत गेली नाही, तर तो वरती फोन लावणार होता.

आसावरीने त्याला खुर्चीत बसवलं आणि सुचेताकडे वळली.

"कार्डं वापरली गेली, तर पैसे तुमच्या खात्यात आले असतील."

"नाही आले."

"का?"

सुचेताने भूपेशकडे पाहिलं. त्यानेच उत्तर दिलं. "गिफ्ट कार्डाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, मॅडम. यांच्याकडे नाही. म्हणून पैसे अडकलेत. मी गणपतीतच यांचं आधार, पॅन, फोटो, सह्या घेऊन ठेवल्या, म्हणून दुकानाला सील लागलं नाही."

आसावरीने रुचिकाला विचारलं, की नवमीला काय झालं.

"त्या दिवशी मशीन चालवलंच नाही, मॅडम. पूजेत होतं."

भूपेश हसला. "पूजा दसऱ्याला असते. दसऱ्याला सगळ्यांची मशीनं बंद, हे मलाही ठाऊक आहे. नवमीला धंदा असतो."

आसावरीने सुचेताला विचारलं, पूजा कधी असते. सुचेता पुन्हा साडीच्या घड्यांकडे वळली. शेवटी मागच्या खोलीतून तिच्या सासूबाई आल्या. या घरात पूजा खंडेनवमीलाच, त्यांचे सासरे माग चालवायचे तेव्हापासून, असं त्यांनी सांगितलं. कात्री, कापड मोजायचा गज आणि ते स्वाइप मशीन नवमीच्या सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने लाल कापडात बांधलं होतं, आणि दसऱ्याच्या सकाळी त्यांनीच सोडलं होतं.

शेजारच्या दुकानातले इकबालभाई पुढे झाले. "सच है, मॅडम. उस दिन सब कॅश था. बच्ची बार बार छुट्टा माँगने आती थी."

"मग ऐका," आसावरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण भूपेश दाराकडे सरकू लागला आणि हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"कार्ड फक्त आपल्याच दुकानात चालणार असेल, तर दुकानदाराला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. पेमेंट कंपनीच्या माणसाला हे माहीत नाही, असं होणार नाही. म्हणजे तो खोटं बोलला. कशासाठी? घाबरलेलं माणूस न वाचता सह्या करतं आणि पैसे कुठे गेले ते विचारत नाही. पूजेतलं मशीन चाललं नाही, तरी दुकानाच्या नावाने कार्डं वापरली गेली. म्हणजे त्या कागदांवर दुकानाच्या नावाने दुसरं मशीन काढलेलं आहे. नंबर त्याला कंपनीतून मिळाले. दसऱ्याला मशीन बंद असणार म्हणून त्याने नवमीची गर्दी निवडली. या घरची रीत विचारायला तो विसरला."

तिने कंपनीच्या मुख्य कचेरीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दुकानाच्या नावावर दोन मशीनं होती. दुसऱ्याचं खातं भूपेशच्या मेव्हण्याचं निघालं.

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची सगळी तयारी झाली होती, आणि आता जो तो नजर चुकवत होता. पैसे त्या खात्यातून परत मिळतील, बायकांना साड्या आजच द्यायच्या, असं आसावरीने सुचेताला बजावलं. लडकूशेठ म्हणाला, गैरसमज झाला, पोरीने मनावर घेऊ नये.

सुचेता रुचिकाचा हात धरू लागली. "झालं गेलं सोड. दिवाळीची गर्दी आहे, मला तुझ्याशिवाय जमायचं नाही."

"ताई, मशीन बांधलेलं होतं हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"दुकान बंद पडेल म्हणून घाबरले गं."

"आणि मी आत गेले असते तर?"

सुचेताने तिचा हात सोडला. रुचिकाने आपल्या वस्तू एकेक करून पर्समध्ये भरल्या. मग ती आसावरीला म्हणाली, "मॅडम, मला तक्रार द्यायचीय. शेठने झडती घेतली त्याची. आणि ताई बघत उभ्या राहिल्या, तेही त्यात लिहायचंय."

आसावरीने तिच्यासाठी जीपचं पुढचं दार उघडलं.