मधली जागा

दोन हजार चारच्या जुलैत, अमेरिकेतल्या चँडलरच्या भट्टीत दीक्षाच्या घरचा एसी बंद पडला, म्हणून मी चर्चमध्ये गेले. देवासाठी नाही, गारव्यासाठी! दीक्षा माझी लेक. तिच्या ऑफिसातले ज्ञानदेव मेश्राम तिथं मित्रांसोबत सीडीसाठी गाणी रेकॉर्ड करत होते. गिटार, माउथ ऑर्गन, आणि गळे. विजेचं वाद्य एक नाही. इथल्या खेड्यापाड्यांतली गाणी, काळ्या लोकांची दुःखाची गाणी, चर्चमधली गाणी, सगळी एकत्र नांदत होती. बसलेल्यांनी नुसत्या टाळ्या द्यायच्या.

मीही दिल्या. गाणं थांबलं.

"बाई, टाळी चुकतेय," ज्ञानदेव म्हणाले.

"टाळी ठीक आहे. तुमचं गाणं उशिरा येतं."

दीक्षानं कपाळाला हात लावला. ते मात्र हसले... आणि बघतच राहिले. केस पांढरे, डोळे वांड.

"नागपूरच्या ना? आपल्या विहारात पहिल्या ठोक्यावर टाळी. इथं दुसऱ्यावर. शिकवू?"

"चौथीपर्यंत शिकलेय मी. पुढचं शिकवायला या."

आले की हो! रोज संध्याकाळी. टाळी काही सुधारली नाही, माझी ठेचा-भाकरी मात्र संपत गेली. एकदा ओट्यापाशी माझी टाळी टेप करून नेली — "आठवण म्हणून." ते विधुर, मी विधवा. पण माझ्या पायांत नातू रांगत होता. या वयात मनाला असले चाळे शोभतात?

रविवारी माझं परतीचं विमान. ते काही बोलेनात. मग मीच का आधी बोलू?

शनिवारी सीडी घेऊन आले. शेवटचं गाणं लावलं. पहिल्या ठोक्यावर एकच टाळी, ठणठणीत. माझी!

"जगाला माझी चूक ऐकवता?"

"गिरजाबाई... जरा थांबा ना."

दुसऱ्या ठोक्यावर आणखी एक टाळी आली. एकट्या माणसाची. मग माझी. मग ती...

"तुमची टाळी बदलायची नाही मला," ते हळूच म्हणाले. "मधली जागा तेवढी द्या."

मी उगाच सीडीचं कव्हर पदरानं पुसत बसले.

"आई, say something!" दीक्षा दारातून ओरडली.

"काय say? तिकीट कॅन्सल कर."

एसी दुरुस्त करणारा तेव्हा वेळेवर आला नाही, म्हणून मी त्याला फोनवर अस्सल नागपुरी शिव्या घातल्या होत्या. आता रोज संध्याकाळी दोन कप चहा ओतताना म्हणते, बाबा रे, तुझं भलं होवो.