निळ्या काठाची ताटली

खोटं वाटत असेल तर वाचू नका. ग्रीसमधल्या मानीच्या डोंगरातल्या आमच्या गावात, ऑगस्टच्या उपासात, तेलही वर्ज्य असतं तेव्हा, भर दुपारी हे घडलं. माझ्या सख्ख्या नणंदेच्या घरी.

नणंद म्हणजे स्तामातिया. तिचा तोरा मोठा. "माझ्या दारातून परका माणूस कधी उपाशी गेला नाही," हे ती चर्चच्या पायरीवरसुद्धा ऐकवायची.

त्या दुपारी सगळं गाव झोपलं होतं.

खिडकीच्या फटीतून तिला एक परदेशी पोरगी दिसली. सायकलवर गाठोडी बांधलेली, तोंड उन्हाने लालभडक.

पोरीने दारासमोर सायकलची घंटी वाजवली...

स्तामातियाने पातेल्यात पाहिलं. उकडलेली मसूर. तेलाचा थेंब नाही.

"दार उघडू का, आई?" सून लेमोनियाने विचारलं.

"गप्प बस. आपल्या देशात जाऊन सांगेल, स्तामातियाने आजाऱ्याचं जेवण वाढलं."

"पाणी तरी देऊ या."

"नुसतं पाणी? माझ्या घरातून? हलू नकोस."

दोघी श्वास रोखून बसल्या. स्वतःच्याच घरात, चोरासारख्या.

घंटी पुन्हा वाजली... मग थांबली.

मग शेजारची कडी निघाली. खुर्ची सरकली. ताटलीवर चमचा वाजला...

पोरगी हसली.

लेमोनियाचा चेहरा पांढरा पडला.

शेजारच्या घरात कुणीच नव्हतं. शेजारीण गारुफालिया ईस्टरलाच वारली होती. किल्ली तिच्या मुलाकडे, तिकडे अथेन्सला.

निळ्या काठाच्या एका ताटलीवरून दोघींचं बोलणं तुटलं होतं. ताटली परत आली नाही म्हणून स्तामातिया तिला भर चौकात चोर म्हणाली होती. तिच्या मातीलाही गेली नव्हती.

उन्हं उतरल्यावर दारावर टकटक झाली.

तीच पोरगी. हातात निळ्या काठाची ताटली.

"शेजारच्या मावशींनी दिलीय," ती मोडक्या ग्रीकमध्ये म्हणाली. "तुमची आहे म्हणाल्या."

ताटलीत मसूर होती. बिनतेलाची. वाफ निघत होती...

"फार छान होती. मी पुन्हा मागून घेतली."

"आणखी काय म्हणाली ती?" स्तामातियाने ताटली हातात घेत विचारलं.

पोरगी अवघडली. "म्हणाल्या, ती घरातच आहे, पण तिला लाज वाटतेय. घंटी वाजवू नकोस."

पोरगी सायकलवर बसून निघाली. 'जेवून जा' म्हणायला स्तामातियाला तोंड उरलं नव्हतं.

लेमोनिया शेजारी धावत जाऊन आली.

"आई... कुलूप तसंच आहे. त्यावर कोळ्याचं जाळं आहे. अख्खं."

भांडं रिकामं परत करायची आमच्यात पद्धत नाही. दर शुक्रवारी स्तामातिया ताटली भरून शेजारच्या उंबऱ्यावर ठेवते. सकाळी ती तशीच असते. मांजरसुद्धा तोंड लावत नाही.

दुपारी आता तिचं दार सताड उघडं असतं. टेबल मांडलेलं.

परवा मी तिच्याजवळ बसले होते. गल्लीत सायकलची घंटी वाजली... उघड्या दारासमोरून पुढे गेली. दिसलं कुणीच नाही.

मग शेजारची कडी निघाली.

स्तामातियाने मान खाली घातली. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.