तेविसावा फोटो

स्क्रू काढायची तिची एक पद्धत होती. पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टी उलटी लावायची, निघेल तो स्क्रू निघाल्या क्रमाने तिच्यावर चिकटवायचा आणि शेजारी पेन्सिलीने आकडा घालायचा. माणसांच्या शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप करून ते काचपट्टीवर चढवण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. क्रम चुकला की काय होतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर तिने खिडकीजवळचं टेबल पुसलं आणि बाबांचा कॅमेरा पुढ्यात घेतला.

बाबांनी जन्मभर सगळ्यांचे फोटो काढले, स्वतःचा कधी काढू दिला नाही. "माझं थोबाड काय बघायचंय," म्हणत सटकायचे. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र आईने हट्टाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि थरथरत्या हातांनी एक फोटो काढला. रोलवरचा तेविसावा. त्यानंतर रोल पुढे सरकवायचा लिव्हर अडकला तो अडकलाच. चार वर्षं कॅमेरा कपाटात तसाच होता आणि आईपाशी नवऱ्याचा दुसरा एकही फोटो नव्हता.

स्टुडिओवाल्या काकांनी हात टेकले होते. "जोर लावला तर रोल फाटेल. मागचं झाकण उघडलं तर उजेड लागून सगळंच जाईल. वरचा पत्रा काढून बघा, गिअरमध्ये काहीतरी अडकलंय."

"मोडशील हो," पलंगावर बसलेली आई म्हणाली.

"मोडलेलाच आहे, आई."

"तेच म्हणते. आणखी मोडू नकोस."

पहिले तीन स्क्रू सहज निघाले. डोळा लावायच्या काचेभोवती पिवळट मळ बसला होता. जुना मळ सुकून पापडी धरतो, हा मात्र बोटाला मऊ लागला आणि किंचित कोमट. तिने स्पिरिटच्या बोळ्याने तो पुसला. पुठ्ठ्यावर आकडा घालून वळते तोवर काचेभोवती पुन्हा तुपकट कडा धरली होती.

दिव्याची ऊब असेल, असं म्हणून तिने दिवा लांब सरकवला.

पत्रा उचलला तसा वास आला. आतला स्पंज कुजून डांबरासारखा चिकट झाला होता, पण वास त्याचा नव्हता. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशीचा होता. तिने तोंड फिरवलं.

आई हसली. "तुला कसली आलीय किळस? रोज माणसांचे तुकडे हाताळतेस ना?"

"ते मेलेले असतात गं."

बोलून गेल्यावर आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाच कळेना.

गिअरच्या दातांत केस अडकले होते. आखूड, राठ, पांढुरके. तिने चिमट्याने एकेक ओढून काढला. सहा निघाले. सातवा निघेना. ताणला तशी त्याच्या बुडाची काळी चिकट जागा टोकदार उचलली गेली, ओढल्यावर कातडी उचलते तशी. तिने दात आवळून हिसका दिला.

केस सुटला. डाव्या अंगठ्याखालचा लिव्हर शहारल्यासारखा हलला आणि मोकळा झाला.

तिने रोल गुंडाळून बाहेर काढला, हात तीनदा साबणाने धुतले. आईने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी कामावर तिने सातवा केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला. साहेबांनीही डोकावलं.

"मुळाशी ओल्या पेशी आहेत. आत्ताच उपटलाय ना? कुणाचा?"

"घरच्यांचा," ती म्हणाली आणि काचपट्टी कचऱ्यात टाकली.

गुरुवारी स्टुडिओवाल्या काकांनी पाकीट दिलं. "वडिलांनी दाढी ठेवली होती होय? मला आठवत नाही."

तिने रस्त्यातच पाकीट उघडलं. बाबा खुर्चीत बसले होते. रेघांचा शर्ट तोच, मागचा पडदा तोच. दाढी शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आली होती. खुर्चीच्या हातावरची नखं पिवळी, वळलेली. कागद तिच्या बोटांना चिकटत होता.

फोटो काढला त्या सकाळी आईने स्वतः त्यांची दाढी केली होती. पाण्याचं भांडं हिनेच धरलं होतं. आईचा हात हलला, हनुवटीखाली कापलं, हिनेच कापूस दाबला होता.

फाडून टाकावा का? मग आईकडे काहीच उरणार नव्हतं. तिने पाकीट घरी नेलं.

आईने फोटो बराच वेळ न्याहाळला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"किती वाढलीय बघ. चार वर्षं कुणी लक्ष म्हणून दिलं नाही."

"आई, त्या दिवशी तूच केली होतीस ना त्यांची दाढी?"

"मग? दाढी काय एकदा करून भागते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंड धुवायला गेली. बेसिन तुंबलं होतं. साबणाच्या राखी फेसावर पांढुरक्या केसांचा थर तरंगत होता, कडेला पिवळ्या नखांच्या चकत्या चिकटल्या होत्या. उशीचा तोच वास.

ती बाहेर आली. टेबलावर, तांब्याला टेकून, फोटो उभा होता.

बाबांचे गाल गुळगुळीत होते.

आई खिडकीशी बसून बाबांचा जुना ब्रश वाळवत होती. चेहरा प्रसन्न. मांडीवर टॉवेल.

"हात थरथरतो गं आता," ती ओशाळून म्हणाली.

टॉवेलवर एक लाल ठिपका होता.

रक्त साकळायला किती मिनिटं लागतात, हे तिला पाठ होतं. तिने ठिपक्याला बोट लावलं.

अजून ओला होता.