भिंगरीचं जुनं सेशन

शाळेच्या ई-अंकाची वेबसाइट भिंगरीने एकटीने बांधली होती, आणि हे ती कुणालाही विसरू देत नसे. आज दुपारी पालकांसमोर ती तो अंक दाखवणार होती. पण नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून साइट कुणाला आत टिकूच देईना. पासवर्ड द्या, क्षणभर आत, की पुन्हा दारात. आज चाललं नाही तर मोठ्या बाई हे काम बाहेरच्या कंपनीला देणार होत्या.

"देऊन तर बघू देत," भिंगरी म्हणाली.

ती दादाच्या ऑफिसात बसली होती. शिंप्याच्या दुकानावरची एकच खोली. खालून शिलाई मशीनची खडखड, वर सर्व्हरच्या पंख्याची घरघर.

दादाने तिच्या खांद्यावरून डोकावलं. "सेशनचं फोल्डरही उचलून आणलंस? अगं शहाणे, सेशन म्हणजे आत आलेल्याच्या हातावरचा शिक्का. जुने शिक्के नव्या सर्व्हरला वाचता येत नाहीत. ते तिथेच टाकून यायचं असतं."

"हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

दादा हसत चहाला खाली गेला. भिंगरीने सगळी सेशन्स पुसली आणि साइट लोण्यासारखी चालू लागली.

पण यादीत एक सेशन उरलंच. तिच्याच नावाचं, जुन्या सर्व्हरवरून चालू असलेलं.

जुना सर्व्हर कोपऱ्यात पडला होता. दादाने सकाळीच त्याची वायर काढली होती. तिने हात लावून पाहिला. कोमट होता.

तिने ते सेशन पुसलं. ते परत आलं. पासवर्ड बदलला. तरी ते आतच.

मग पडद्यावरचं तिचं अर्धवट संपादकीय आपोआप पुढे सरकू लागलं. कालपासून तिला न सुचलेला शेवट अक्षर-अक्षर उमटत गेला. तिच्याहून सरस.

"छान आहे," ती दात आवळून म्हणाली, "पण अंक माझा आहे."

तिने तो शेवट खोडून टाकला आणि बाईंना फोन लावला.

"बाई, मी भिंगरी. साइट चालू झाली, निघतेच."

"कोण बोलतंय?" बाईंचा आवाज दबला. "भिंगरी इथे पडद्यासमोर उभी आहे. संपादकीय वाचत होती. शेवटाला येऊन एकदम गप्प झालीय."

भिंगरीने फोन कानाशी घट्ट दाबला. आवाज मात्र तिने पडू दिला नाही.

"तिला तिथेच थांबवा. माझा अंक मीच दाखवणार."

पलीकडे पावलं वाजली. मग फोनजवळ येत, तिच्याच आवाजात, कुणीतरी लाडात म्हणालं,

"येऊ द्या की तिला, बाई."