देवचाराला मुंबई दाखवली तेव्हा

ही गोष्ट तुम्हाला खरी वाटणार नाही. पैजेवर सांगतो, एकालाही वाटणार नाही.

मी जन्मभर थापा मारल्या, हे लालबागच्या ह्या चाळीत पोराटोरांनाही ठाऊक आहे. माहीमच्या खाडीत मासा गळाला लागला आणि मलाच घेऊन वरळीपर्यंत गेला, ती थाप. गिरणीच्या धुराड्यात नांदणारी हडळ, तीही थाप.

ही मात्र नाही.

साल अठराशे पंचाण्णव. प्लेगाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. शिमगा नुकताच झालेला. रविवार, गिरणीला सुट्टी.

आणि वेळ रात्रीची नव्हे बरं का... भर दुपारची.

शेवंता तेव्हा परळच्या एका गिरणीत सूत गुंडाळायच्या कामावर होती. बाई मालवणकडची. नवरा वारल्यावर दीर हरेश्वर याने तिला चार वर्षं बैलासारखी राबवली. एका पहाटे ती उठली, बोचकं डोक्यावर घेतलं आणि मुंबईची आगबोट गाठली.

एकटीने.

वहिनी पळाली म्हटलं तर दिराचंच नाक कापलं जायचं. म्हणून त्याने गावभर सांगितलं, "आमची वहिनी हरवली."

तीन वर्षं गेली. मग तिची लहानपणची मैत्रीण लक्ष्मी आणि लक्ष्मीचा नवरा गुणाजी मुंबई बघायला आली. गाववाल्यांकडे विचारत विचारत शेवंताला शोधलं आणि चार दिवस तिच्या खोलीत राहिली. रविवारी संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावरून त्यांची परतीची बोट होती.

"बोटीला वेळ आहे," शेवंता सकाळीच म्हणाली. "चला, आज गिरगाव दाखवते. नाहीतर गावात सांगाल, शेवंतेने नुसतं भिंतीकडे बघत बसवलं."

तिघं निघाली. शेवंता पुढे, मागे लक्ष्मी, तिच्या मागे गुणाजी.

चौपाटी दाखवली. घोड्यांची ट्राम दाखवली. लक्ष्मी ट्रामपेक्षा घोड्यांच्या डोक्यावरच्या टोप्याच बघत राहिली.

"शेवंते, इतके रस्ते तुका कळतत कसे गो?"

"पायांना कळतात. तीन वर्षं तुडवतेय."

गुणाजी मात्र काहीच बघत नव्हता. तो सारखा मागे वळत होता.

"काय हो भावजी? मागे कुणी ओळखीचं आहे का?"

"काय नाय... ऊन लागता."

ऊन समोरून येत होतं.

मग शेवंताने पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

ठक्...

आणि ठोक्यापाठोपाठ बारीक घुंगूर.

ती थांबली. आवाज थांबला. मागे रस्ता रिकामा. एक भय्या दुधाची कासंडी घेऊन चाललेला, तेवढाच.

खोताच्या वाडीत शिरली. तिथली कुत्री म्हणजे खवीस. परक्याचं धोतर दिसलं की फाडलंच. शेवंताने हातात दगड घेऊन ठेवला होता.

कुत्री भुंकली नाहीत.

एकेक करून उठली... आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. मोठं कुणी जाताना माणसं वाट देतात ना, तशी.

शेवंता घाबरली की तिला राग यायचा. दगड टाकून ती तरातरा पुढे निघाली.

दुपारी तिने दोघांना गंगुबाईच्या खानावळीत नेलं. गंगुबाई गावाकडचीच, जिभेने तिखट.

"बसा. आमटी गरम आहे, तोंड भाजलं तर माझ्या नावाने रडू नका."

तिने पानं मांडली.

चार.

"गंगुबाई, आम्ही तिघं आहोत."

"मग तो पाठचा? उपाशी ठेवणार त्याला? दारात उभा आहे एवढा घोंगडी पांघरून."

तिघांनी दाराकडे बघितलं.

दारात ऊन होतं... नुसतं ऊन.

गंगुबाई पुन्हा दाराकडे वळली. तिच्या हातातला आमटीचा डाव हवेतच राहिला. चौथ्या पानावर तिने भात वाढला आणि आत निघून गेली. तिघांच्या भातावर वाफ होती.

चौथ्या पानावरच्या भातावर नव्हती. एकाच भांड्यातला भात... तो गार पडलेला.

शेवंताने आपलं पान बाजूला सारलं.

"भावजी, आता खरं बोला. कुणाला आणलंत बरोबर?"

गुणाजीच्या हातातला घास खाली पडला.

"माजो काय दोष नाय, वयनी. तुज्या दिरान गाऱ्हाणा घातल्यान. माका नुसतो नारळ धरूक सांगितल्यान."

आता मुंबईत जन्मलेल्यांसाठी सांगतो. आमच्या कोकणात गावाला राखणदार असतो, देवचार. भूत म्हणू नका त्याला, रागावतो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी. रानात वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो. त्यासाठी देवळापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे काय हवं ते त्याला मोठ्याने सांगायचं. आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

हरेश्वरने गाऱ्हाणं घातलं होतं, "आमचा माणूस मुंबयत हरवलाहा, ता घराक हाड रे म्हाराजा." म्हणजे, घरी आण.

आणि गुणाजी म्हणाला होता, "व्हय म्हाराजा."

"मीया पण म्हटलंय," लक्ष्मी खाली मान घालून पुटपुटली. "माका वाटला, तू खरीच हरवलंस."

शेवंता उठली.

"हरवलेली दिसते मी? चला. धक्क्यावर सोडते तुम्हाला. पण आधी लालबाग. तुमची बोचकी खोलीवर आहेत."

गिरगावातून भायखळा, भायखळ्यावरून चिंचपोकळी, पुढे लालबाग. डोळे बांधले तरी गेली असती ती.

पण वळणं घेतली... आणि समोर समुद्र.

भाऊचा धक्का.

"उन्हाने चुकले," ती म्हणाली. परत फिरली. रस्त्यात भेटेल त्याला विचारून, मोजून वळणं घेतली. शेवटचं वळण घेतलं... आणि पुन्हा तोच वास. सुकी मासळी, डांबर, ओले दोर.

भाऊचा धक्का.

लक्ष्मी रडायला लागली.

ठक्... मागे काठी वाजली. आता अगदी जवळ.

तिसऱ्यांदा शेवंता धावत सुटली. पाठीशी डोंगरीची टेकडी, डाव्या हाताला गिरण्यांची धुराडी, असा अंदाज धरून धावली. धुराडी दिसत होती. दिसत होती... आणि दिसेनाशी झाली.

धक्का. बोटीने भोंगा दिला. फळी लावली होती, माणसं चढत होती.

आणि शेवंताचे पाय चालू लागले.

ती चालत नव्हती हो, पाय चालत होते. फळीकडे. फळीच्या पलीकडे दीर, शेणगोठा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा तो कोपरा. मरेपर्यंत.

तिने धक्क्यावरचा लोखंडी खुंटा दोन्ही हातांनी मिठीत धरला. तापलेला होता, तळवे पोळले. सोडला नाही. समुद्राकडे पाठ केली आणि रिकाम्या जागेकडे बघून ओरडली,

"ऐक रे म्हाराजा! गाऱ्हाणं मलाही येतं!"

हमाल थांबून बघायला लागले.

"हा भाऊचा धक्का. इथून डोंगरी, डोंगरीवरून भायखळा. तिथे राणीची बाग, बागेतला वाघ एका डोळ्याने आंधळा आहे. पुढे चिंचपोकळी. पुढे लालबाग. लालबागेत विहिरीजवळची चाळ, माडीवरची तिसरी खोली. दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे. गिरणीत माझा राहाट उजवीकडून सातवा. भोंगा होतो तेव्हा मी दारात असते, एकदाही चुकले नाही. माझ्या दिराने तुला खोटं सांगितलं. तू वाट चुकलेल्यांचा वाली. मी वाट चुकले नाही. मी इथे आलेय, माझ्या पायांनी. मी हरवलेली नाही रे म्हाराजा!"

सगळं थांबलं.

गाऱ्हाण्याला होकार देणारं कुणीतरी लागतं. गुणाजीने तोंड गच्च मिटलं होतं.

वारा पडला. घुंगूर वाजला नाही. माणसं तोंडं हलवत होती, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

आणि मग...

शेवंताच्या पाठीमागून, घोगरा, जमिनीतून आल्यासारखा आवाज आला.

"व्हय... म्हाराजा."

पाय सुटले. वारा सुटला. धक्क्यावरचा गलका एकदम कानावर आदळला.

आणि मंडळी, देवचार तिला मुजरा करून फळीवरून बोटीत चढला. फळी त्याच्या वजनाने वाकलेली शंभर माणसांनी पाहिली. गावी पोचल्यावर त्याने हरेश्वरला असा...

"खोटा!"

गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली बाई बोलली. लक्ष्मीच ती. दोन वर्षांनी नवऱ्याला ओढत मुंबईला आली, आता चाळीत आमच्या शेजारीच राहते.

"बोटीत कोण चढाक नाय. आणि 'व्हय म्हाराजा' मी म्हटलंय! ह्येंनी माजो हात दाबल्यानी, तरी म्हटलंय. घोगरो आवाज म्हणे! रडान रडान गळो बसल्लो माजो."

सगळे हसले. मीही हसलो. पकडलो गेलो तर हसावं, एवढं मला कळतं.

"मग देवचार काय म्हणाला?" कुणीतरी विचारलं.

लक्ष्मी हसली नाही. तिने जिन्याकडे बघितलं. शेवंताची गिरणीतली पाळी सुटायची वेळ झाली होती.

"तो काय बोलाक नाय," ती म्हणाली. "शेवंता अजून रोज कुलूप काढूच्या आदी पाठी वळता आणि सांगता, मी हरवलंय नाय. चार वर्षां झाली... तो अजून ऐकताहा."