मुंग्या लागलेली तलवार

"वैष्णवी, थांब! हात खाली घे!"

मंजूची आरोळी ऐकताच वैष्णवीने फिरती तलवार जागीच रोखली. शेलूबाजारच्या शाळेच्या मैदानावर मर्दानी खेळांच्या पथकाचा सराव ऐन रंगात आला होता. मे महिन्याची सुटी असूनही एकही मुलगी गैरहजर नव्हती, कारण येत्या रविवारी वाशिमला सगळ्या जिल्ह्यातल्या पथकांचे प्रात्यक्षिक होते.

"काय झालं वं?"

"तुयी तलवार खुळखुळून राह्यली! पातं सुटलं असतं तं मायं नाक गेलं असतं!"

"तुयं नाक कापाले एक तलवार पुरनार नाही," मैदानाच्या कडेला बसलेला नवीन म्हणाला. तो वैष्णवीचा धाकटा भाऊ. प्रत्येक सरावाला तो हजर असे आणि प्रत्येक वेळी मंजूच्या शिव्या खाई.

वैष्णवीने मूठ हलवून पाहिली. मूठ खरोखरच सैल झाली होती. ही तलवार तिच्यासाठी दुसऱ्या कोणत्याही वस्तूपेक्षा मोलाची होती. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडल्याने तिच्या उजव्या हाताची दोन बोटे वळत नसत. बाजारातली तलवार तिला उजव्या हातात धरवत नसे आणि डाव्या हातात ती नीट बसत नसे. "तू ढोल वाजव," असे सगळ्यांनी सुचवले होते. एका उज्ज्वलाताईने मात्र तसे म्हटले नाही.

उज्ज्वलाताई तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन आली होती. हमरस्त्यालगतच्या आपल्या वर्कशॉपमध्ये ती मर्दानी खेळांसाठी आणि नाटकांसाठी तलवारी घडवीत असे. तिने वैष्णवीच्या डाव्या मुठीचा ओल्या मातीत ठसा घेतला, संगणकावर आराखडा काढला आणि बाभळीच्या लाकडाची, अंगठ्यासाठी अचूक खाच असलेली मूठ तयार केली. पाते स्प्रिंगच्या पोलादाचे, पण धार नसलेले. टोकही गोल केलेले. तोल असा साधला होता, की ती तलवार वैष्णवीला आपल्या हाताचाच भाग वाटे. पुढे सगळ्या पथकानेच उज्ज्वलाताईकडून तलवारी करून घेतल्या होत्या.

"पाहू इकडं!" पथकाचे व्यवस्थापक मारोतराव लगबगीने आले. मूठ हलवताच त्यांचा चेहरा लाल झाला. "मी म्हनतच होतो, हे काम कच्चं हाये! रविवारी आपन बाजारातल्या तयार तलवारी घेऊन जाऊ. अन् तिथं आलेल्या सगळ्या पथकाइले सांगतो, त्या पोरीच्या वर्कशॉपातून काही घेऊ नका!"

"काका, असं नका करू!" वैष्णवी कळवळून म्हणाली. "मले एकदा ताईले दाखवू द्या."

"दाखव! पन संध्याकाळी पथकाच्या कपाटात परत आली पाह्यजे."

वैष्णवी, मंजू आणि नवीन तिघेही वर्कशॉपच्या वाटेला लागले. वैष्णवीच्या डोक्यात एकच विचार घोळत होता: ज्या ताईने आपल्याला खेळात आणले, तिचेच नाव आपल्या तलवारीमुळे जाणार!

"अरे! अरे!" नवीन एकदम ओरडला. "मुंग्या! तलवारीले मुंग्या कायले लागतीन? तलवार काय पेढा हाये?"

खरोखरच मुठीजवळच्या पितळी आडव्या पट्टीखालून मुंग्यांची रांग निघाली होती. मंजूने तिथला पांढरट थर नखाने खरवडला आणि हुंगला. "केक! देवाशप्पथ, केकची क्रीम हाये!"

"आता चाटून नको पाहू," नवीनने बजावले.

उज्ज्वलाताईने सगळी हकीकत शांतपणे ऐकली. तिने तलवार टेबलावर ठेवली आणि भिंग घेऊन मुठीपासून टोकापर्यंत तपासली. टोकाशी काळपट डाग होता.

"हा गंज नाही," ती म्हणाली. "पोलादावर आंबट काहीतरी बराच वेळ राहिलंय."

तिने त्याच पोलादाच्या तुकड्यावर लिंबाची फोड ठेवली. मग तिने मूठ उघडली. आतल्या लाकडाचे तंतू दोन्ही टोकांना चेंगरलेले होते.

"मूठ पाण्यात बुडवलीय कुणीतरी. लाकूड पाणी पिऊन फुगलं. पण एका बाजूला पितळ अन् दुसऱ्या बाजूला नट, मग फुगायला जागा कुठली? ते आतल्या आत चेंगरलं, आणि उन्हात वाळल्यावर पहिल्यापेक्षाही आखडलं. म्हणून खुळखुळतंय."

तोवर लिंबाखालचा तुकडा काळवंडला होता. डाग हुबेहूब तसाच!

वैष्णवी त्या दोन डागांकडे टक लावून पाहत राहिली. लिंबू. केक. मग क्रीम धुण्यासाठी पाणी. टोकाला लिंबू लावलेले शस्त्र तिने कुठे पाहिले होते? मामाच्या लग्नात! मामा घोड्यावर बसला होता आणि त्याच्या हातात...

"नवरदेव!" ती ओरडली. "नवरदेवाच्या कट्यारीले लिंबू टोचतात! ताई, कोनी तरी मायी तलवार लग्नात नेऊन राह्यलं! वरून त्याच तलवारीनं केकही कापून राह्यलं!"

"पन कपाटाची चावी तं मारोतकाकाजवळच असते," मंजू म्हणाली.

"अन् त्याइचा पुतण्या लखनदादा लग्नाचे मंडप सजवते!" नवीनने मांडीवर थाप मारली. "उद्या हमरस्त्यावरच्या मंगल कार्यालयात त्याचंच काम हाये!"

"आताच जाऊन मारोतकाकाले सांगू," मंजू उठली.

"ते माननार नाहीत," वैष्णवी म्हणाली. "त्याइच्या डोळ्यासमोरच दाखवावं लागन. ताई, तुमी संध्याकाळपर्यंत नवी मूठ बसवून द्यान का? आमी तलवार मुकाट्यानं कपाटात ठेवतो. लखनदादा उद्या ते नेल्याबिगर राह्यनार नाही, अन् काकाही त्याच लग्नाले येनार हायेत."

उज्ज्वलाताईकडे आराखडा होताच. दिवस मावळण्यापूर्वी नवी मूठ बसली आणि तलवार कपाटात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयासमोर वरात आली. बँडच्या दणदणाटात फेटेवाले नाचत होते आणि त्यांत मारोतरावही होते! घोड्यावरच्या नवरदेवाच्या हातात पितळी आडव्या पट्टीची झगमगती तलवार होती. तिच्या गोल टोकावर चिरलेले लिंबू कसेबसे खोचले होते. लखन बाजूला उभा राहून कौतुकाने पाहत होता.

वैष्णवी गर्दीत शिरली. एवढ्या पाहुण्यांसमोर बोलायचे! पण उज्ज्वलाताईचा मातीने माखलेला हात तिला आठवला, आणि ती सरळ घोड्याजवळ गेली.

"नवरदेव भाऊ, फोटो काढतो! तलवार उंच करा!" नवीनने आईचा फोन सरसावला.

नवरदेवाने तलवार उचलली आणि तोंड वाकडे केले. "हे हातात बसूनच नाही राह्यली! मघापासून अंगठ्याले टोचते!"

"डाव्या हातात घेऊन पाहा ना भाऊ," वैष्णवी म्हणाली.

त्याने हात बदलला. "वा! आता कशी बसली! मूठ लहान हाये, पन अंगठा बराबर खाचेत गेला!"

मारोतराव नाचता नाचता थबकले. "तुले कसं माहीत वं, ही डाव्या हाताची हाये म्हनून?"

"काका, ही मायी तलवार हाये. तुमच्या कपाटातली!"

बँड थांबला. मारोतरावांनी पुतण्याकडे पाहिले. लखन एकाएकी फुलांच्या माळा सारख्या करू लागला!

"लखन! चावी कोनं देल्ली तुले?"

"तुमीच तं खिळ्याले टांगून ठेवता, काका... एका दिवसाचाच तं सवाल होता. अन् केक कापल्यावर मी धुऊनच ठेवतो ना! चांगली बादलीत बुडवून!"

"बादलीतच तं सगळा घोटाळा झाला!" मंजू म्हणाली, आणि वैष्णवीने लिंबापासून लाकडापर्यंतची सगळी गोष्ट क्रमाने सांगितली. नवरदेवाचे वडील जगदेवराव घोड्याचा लगाम धरून सगळे ऐकत होते. त्यांनी स्वतः लिंबू काढले, आपल्या खांद्यावरच्या उपरण्याने पाते पुसले आणि तलवार वैष्णवीच्या हाती दिली.

"आमच्या सोहळ्यापायी लेकराले इजा झाली असती," ते म्हणाले. "पोरीहो, तुमी आमच्यावर उपकार केले. जेवल्याबिगर जायचं नाही!"

मारोतराव मान खाली घालून उभे होते. "मी मूठ पाह्यली, कारण नाही पाह्यलं," ते हळूच म्हणाले. "अन् चावी खिळ्याले टांगनारा मीच. रविवारी वाशिमले मी बोलनारच हाये. पन आता येगळं बोलीन."

आणि ते बोलले! प्रात्यक्षिक संपले, टाळ्यांचा कडकडाट ओसरला, तेव्हा त्यांनी सगळ्या पथकांसमोर आपली चूक सांगितली, उज्ज्वलाताईला मंचावर बोलावले आणि तिघा मुलांची नावे घेऊन त्यांची पाठ थोपटली. टोपी सावरत एक वृद्ध प्रशिक्षक पुढे आले. "असे विद्यार्थी मिळाले, तर शिकवण्याचं सार्थक होतं," ते म्हणाले.

गर्दी पांगल्यावर वैष्णवी उज्ज्वलाताईजवळ गेली.

"ताई, तुमच्यामुळं मी... म्हंजे, तुमी नसत्या तं मी ढोलच..."

"थांब, आज माझी पाळी आहे," उज्ज्वलाताईने तिला जवळ घेतले. तिचे डोळे पाणावले होते. "बिघडलेली वस्तू अन् तक्रार घेऊन माझ्याकडे रोज लोक येतात. बिघाडाचं कारण शोधायला माझ्यासाठी कुणी उन्हात धावलं नव्हतं. तुमचे आभार मानायचे तेवढे थोडेच."

वैष्णवीने दोन बोटे न वळणारा आपला उजवा हात, जो ती एरवी ओढणीखाली लपवीत असे, पुढे केला. आणि उज्ज्वलाताईचा हात घट्ट धरला.